सांत्वन करणारा डॉक्टर : चेखॉव्ह यांच्या ‘वॉर्ड नंबर सहा’चा विचार

आंतोन चेखॉव्ह यांची ‘वॉर्ड नंबर सहा’ ही दीर्घकथा १८९२ साली ‘रूस्काया मीस्ल’ या रशियन मासिकात प्रथम प्रसिद्ध झाली. आडवळणाच्या एका गावातील इस्पितळ, त्याच्या आवारातील मनोरुग्णांची मोडकळीस आलेली इमारत आणि वीस वर्षांहून अधिक काळ त्या इस्पितळाचा प्रमुख असलेला डॉक्टर आंद्रेई येफीमिच रागिन, एवढाच तिचा पसारा आहे. वाङ्मयाच्या अभ्यासकांना ही कथा सुपरिचित आहे व तिच्यावर पुष्कळ लिहिलेही गेले आहे. तथापि ईश्वरविज्ञानाच्या या पत्रिकेत तिचा परामर्श घ्यावा असे वाटण्यास एक विशेष कारण आहे. रागिन तरुणपणी फार श्रद्धाळू होता व धर्मगुरू होण्याची त्याची इच्छा होती, असे गावातील लोक सांगत. १८६३ साली शालेय शिक्षण संपवून तो धर्मविद्यालयात जाणार होता; परंतु त्याचे वडील शल्यवैद्य होते, त्यांनी त्याची बोचरी थट्टा केली आणि पाद्री झालास तर तुला मुलगा मानणार नाही असे बजावले. हे कितपत खरे आहे ते आपल्याला ठाऊक नाही, असे कथेचा निवेदक म्हणतो. पण वैद्यकाचे पाचारण आपल्याला कधीच जाणवले नाही, ही गोष्ट रागिन स्वतः कबूल करीत असे.

चेखॉव्ह हा तपशील चार वाक्यांत सांगून पुढे जातात, आणि समीक्षकही बहुधा त्यांच्यामागून पुढे जातात. माझ्या मते कथेचे मर्म तेथेच आहे. रागिनच्या हातून औषधोपचार जवळजवळ होत नाहीत. दुःखाचा अर्थ मात्र तो सतत सांगत असतो. डॉक्टरच्या खुर्चीवर बसलेला, पण धर्मगुरू होता होता राहिलेला असा हा माणूस आहे. त्याची सांत्वनाची वचने कोठून येतात आणि त्यांचे फळ काय, हा कथेचा विषय आहे. सांत्वन हे ज्यांचे नित्याचे काम आहे अशा पाळकांनी, धर्मगुरूंनी व धर्मशिक्षकांनी ही कथा वाचावी ती या दृष्टीने.

वॉर्ड आणि त्याचा पहारेकरी

कथेच्या आरंभी निवेदक आपल्याला त्या इमारतीत घेऊन जातो. कुंपणाच्या खिळ्यांची टोके वर केलेली आहेत. आत आंबलेल्या कोबीचा, जळक्या वातीचा, ढेकणांचा व अमोनियाचा असा वास आहे की प्राण्यांच्या पिंजऱ्यात शिरल्याचा भास व्हावा. दाराशी निकिता हा पहारेकरी बसलेला असतो. हा निवृत्त शिपाई आहे. त्याला सुव्यवस्था प्रिय आहे व मारल्यावाचून सुव्यवस्था राहत नाही अशी त्याची प्रामाणिक समजूत आहे. म्हणून तो तोंडावर, छातीवर, पाठीवर, जेथे हात पडेल तेथे मारतो. वॉर्डात पाच रुग्ण आहेत. त्यांतील मोइसेइका हा ज्यू टोप्या करणारा होता. कारखाना जळाला तेव्हा, सुमारे वीस वर्षांपूर्वी, त्याला वेड लागले. त्याला गावात भीक मागायला जाऊ देतात, व परत येताच निकिता त्याच्याजवळचे सारे काढून घेतो. इव्हान दिमित्रिच ग्रोमोव हा तेहतीस वर्षांचा सुशिक्षित मनुष्य आहे. बेड्या घातलेले दोन कैदी शिपायांच्या पहाऱ्यात जाताना त्याने एके दिवशी पाहिले, आणि आपल्यालाही असेच विनाअपराध पकडून नेतील या भयाने त्याला ग्रासले. या रुग्णांना निकिताखेरीज माणूस दिसतो तो दोन महिन्यांतून एकदा येणारा न्हावी. डॉक्टर हल्ली या वॉर्डात जातो म्हणे, ही गावात एक आश्चर्याची बातमी ठरते. डॉक्टरने रुग्णांकडे जाणे ही बातमी व्हावी, यात त्या इस्पितळाची सारी अवस्था आली.

रागिन स्वतः क्रूर नाही, हे येथे स्पष्ट सांगितले पाहिजे. त्याने कोणावर हात उगारलेला नाही, कोणाचे पैसे खाल्लेले नाहीत. तो इतका मवाळ आहे की स्वयंपाकिणीकडे चहा मागतानाही त्याला खाकरावे लागते. पहिल्यांदा इस्पितळ पाहिले तेव्हा ते अनीतिमान आहे व रुग्णांना घरी पाठवून ते बंद करणेच उत्तम, असे त्याचे स्पष्ट मत झाले होते. साऱ्या इस्पितळात दोनच चाकू होते, तापमापक एकही नव्हता, अंघोळीच्या टबांत बटाटे साठवलेले होते. आरंभी त्याने नेटाने काम केले. सकाळपासून दुपारपर्यंत रुग्ण तपासले, शस्त्रक्रिया केल्या. पुढे त्याला कंटाळा आला. आज तीस रुग्ण तपासावेत तर उद्या पस्तीस येतात, परवा चाळीस, आणि गावातील मृत्यू काही कमी होत नाहीत. वर्षभरात बारा हजार रुग्ण तपासले याचा अर्थ बारा हजार माणसांना फसविले, असा हिशेब तो स्वतःशी मांडतो. हा हिशेब प्रामाणिक आहे. परंतु या प्रामाणिकपणातून कृती निघत नाही, तत्त्वज्ञान निघते.

न झिजणारे सांत्वन

ते तत्त्वज्ञान काय आहे? मृत्यू हा प्रत्येकाचा स्वाभाविक शेवट आहे, मग माणसांना मरण्यापासून अडवावे कशाला? दुःख माणसाला पूर्णत्वाकडे नेते असे म्हणतात. मग गोळ्या व थेंब देऊन ते हलके केले तर लोक धर्म व तत्त्वज्ञान टाकून देतील. पुश्किनला मरताना भयंकर यातना झाल्या, हायने वर्षानुवर्षे पक्षाघाताने खिळून होता. मग एखाद्या सामान्य माणसाने आजारी का असू नये? शिवाय एकटा डॉक्टर काय करणार? दोष त्याचा नाही, काळाचा आहे. आणि शेवटी, ऊबदार अभ्यासिका व हा वॉर्ड यांत वस्तुतः फरक नाही, कारण माणसाची शांती बाहेर नसते, ती त्याच्या आत असते.

ही वाक्ये वाचताना आपल्याला अवघडल्यासारखे व्हावयास हवे, कारण त्यांतील बरीचशी आपल्या ओळखीची आहेत. दुःख शुद्ध करते, शांती आतून येते, मरण सर्वांनाच आहे, काळ वाईट आहे. यांतील काही विधाने तर सुवार्तेच्या पुष्कळ जवळची आहेत. ती खोटी आहेत असे चेखॉव्ह म्हणत नाहीत. ती कोण बोलतो, कोठे बसून बोलतो आणि बोलून झाल्यावर काय करतो, एवढेच ते दाखवितात. रागिन ती बोलतो तेव्हा त्याच्यापुढे पुस्तक असते, पुस्तकाशेजारी दारूची सुरई असते, आणि पगाराचा अर्धा भाग ग्रंथांच्या खरेदीत गेलेला असतो. ज्या सांत्वनासाठी सांत्वन करणाऱ्याला काहीच मोजावे लागत नाही, ते शेवटी त्याच्या स्वतःच्याच स्वास्थ्याचे रक्षण करते. निकिताची मूठ आणि रागिनचे तत्त्वज्ञान या दोन गोष्टी वेगवेगळ्या वाटतात. पण पहिलीला वीस वर्षे निर्वेध चालू दिले ते दुसरीने.

याचा सर्वांत बोलका पुरावा म्हणजे जोड्यांचा प्रसंग. मार्चअखेरच्या एका संध्याकाळी मोइसेइका अनवाणी पायांवर नुसते रबरी जोडे चढवून भीक मागून परत येताना रागिनला दिसतो. त्याचे उघडे, लालभडक घोटे पाहून रागिनला दया येते व किळसही येते. तो त्याच्यामागून वॉर्डात जातो आणि निकिताला सांगतो की याला बूट द्यायला हवेत, नाहीतर सर्दी होईल. निकिता अदबीने म्हणतो की आपण व्यवस्थापकाला कळवू. रागिन म्हणतो, माझ्या नावाने सांग. येथे इस्पितळाचा प्रमुख आपल्या पहारेकऱ्याजवळ आर्जव करीत आहे! बुटांचे पुढे काय झाले हे कथेत येत नाही, आणि रागिननेही त्यांचा पुन्हा उल्लेख केलेला नाही.

येथे एक गोष्ट नमूद करणे मला भाग आहे. सेवेच्या पहिल्या वर्षांत मी एका मनोरुग्णालयात आमच्या मंडळीतील एका गृहस्थांना भेटावयास गेलो होतो. तेविसावे स्तोत्र वाचले, प्रार्थना केली, देवाच्या योजनेविषयी दोन शब्द बोललो. ते शांतपणे ऐकत होते. मी उठलो तेव्हा ते म्हणाले, “पाळकसाहेब, माझ्या चपला कोणीतरी नेल्या आहेत. फरशी फार गार असते.” मी बाहेर येताना परिचारकाला सांगितले, मी म्हणालो म्हणून सांगा असेही सांगितले, आणि बस गाठली. पुढच्या भेटीच्या वेळी मी चपलांची चौकशी केली नाही. मला त्यांची आठवणच राहिली नव्हती. ‘वॉर्ड नंबर सहा’ मी त्यानंतर बऱ्याच वर्षांनी वाचले. जोड्यांच्या त्या प्रसंगावरून पुढे जाणे मला बराच वेळ जमले नाही.

वेड्याच्या तोंडी गेथशेमाने

त्याच संध्याकाळी, रागिनचा आवाज ऐकून, ग्रोमोव त्याच्याशी बोलू लागतो. मला येथे का ठेवले आहे, बाहेर शेकडो वेडे मोकळे हिंडत असता मीच का, असे तो विचारतो. रागिनचे उत्तर असे की यात नीतीही नाही व तर्कही नाही, हा केवळ योगायोग आहे. ज्याला आत घातले तो आत बसतो. मला सोडा, असे ग्रोमोव म्हणतो. सोडले तरी लोक तुम्हाला पकडून परत आणतील, असे रागिन म्हणतो. जोवर तुरुंग व वेड्यांची इस्पितळे आहेत तोवर त्यांत कोणीतरी बसलेच पाहिजे! पुढे तो मार्कस ऑरेलियसचा दाखला देतो, पिंपात राहून सुखी असलेल्या डायोजिनीसचा दाखला देतो. ग्रोमोव उसळून म्हणतो की ग्रीस देशात हवा उबदार आहे. तेथे पिंपात पडून संत्री व ऑलिव्ह खाता येतात. रशियात डिसेंबर महिन्यातच काय, मे महिन्यातही त्या डायोजिनीसने खोली मागितली असती.

यानंतरचा ग्रोमोवचा युक्तिवाद ईश्वरविज्ञानाच्या विद्यार्थ्याने मन लावून वाचण्याजोगा आहे. वेदना झाली की ओरडावे, नीचपणा दिसला की संतापावे, यालाच जीवन म्हणतात, असे तो म्हणतो. प्राणी जितका हीन प्रतीचा तितकी त्याची संवेदना मंद. आणि यासाठी तो ख्रिस्ताचा आधार घेतो. ख्रिस्त रडला, हसला, खिन्न झाला, रागावला. तो हसतमुखाने दुःखाला सामोरा गेला नाही, त्याने मरणाला तुच्छ लेखले नाही. गेथशेमाने बागेत त्याने प्याला टळावा म्हणून प्रार्थना केली. देव आहे किंवा नाही याविषयी ग्रोमोवची श्रद्धा डळमळीत आहे. तरीही कथेतील ख्रिस्तविषयक एकमेव गंभीर विधान त्याच्या तोंडी आहे. धर्मगुरू होऊ पाहणाऱ्या डॉक्टरला ते सुचत नाही. कोंडलेल्या वेड्याला ते सुचते.

ग्रोमोवचे म्हणणे शास्त्राला धरून आहे. मार्काच्या चौदाव्या अध्यायात येशू अत्यंत व्याकूळ होतो व आपल्या जिवाला मरणप्राय खेद झाल्याचे शिष्यांना सांगतो. लाजराच्या कबरेपाशी तो रडतो, आणि तेही आपण लाजराला उठविणार हे ठाऊक असताना. इब्री लोकांस पत्राचा कर्ता त्याच्या मोठ्या आक्रोशाचा व अश्रूंचा उल्लेख करतो. मंडळीच्या इतिहासात असे अनेक प्रसंग आले की स्टोइक तत्त्वज्ञाचा निर्विकार चेहरा ख्रिस्ताला चढविण्यात आला, आणि मग आजाऱ्यांच्या बिछान्यापाशी आपणही तोच चेहरा धारण करू लागलो. वेदनेने ओरडणाऱ्यास आपण श्रद्धा कमी म्हणून टोकतो. ग्रोमोव आपल्याला आठवण करून देतो की गेथशेमानेत देवाच्या पुत्रानेही दुःख टळावे असे म्हटले, आणि म्हणून ते टळावे यासाठी झटणे हे श्रद्धेच्या विरुद्ध नाही.

धूपपात्र घेऊन फिरणारा साहाय्यक

वाचक म्हणेल की रागिनने श्रद्धा सोडली होती, त्यामुळे तो असा झाला. खरा श्रद्धावंत वेगळा वागला असता. चेखॉव्ह यांनी ही पळवाटही बंद केली आहे. डॉक्टरचा साहाय्यक सर्गेई सर्गेइच हा गुटगुटीत, स्वच्छ, अतिशय धर्मनिष्ठ गृहस्थ आहे. रुग्ण तपासण्याच्या खोलीत त्याने स्वखर्चाने मोठे पवित्र चित्र व जड दिवा बसविला आहे. रविवारी त्याच्या आज्ञेवरून एखादा रुग्ण मोठ्याने स्तोत्रपाठ करतो, आणि नंतर सर्गेई सर्गेइच स्वतः धूपपात्र हातात घेऊन सगळ्या वॉर्डांतून धूप फिरवितो. आपण आजारी पडतो व दारिद्र्य भोगतो ते दयाळू प्रभूची नीट प्रार्थना करीत नाही म्हणून, असे त्याचे मत आहे. इस्पितळातील अव्यवस्थेचा जो कारभार चालतो त्यात हा इसम आरंभापासून आहे, आणि त्याच्या धूपाने निकिताची मूठ एकदाही अडविली नाही.

कथेच्या शेवटी रागिनचे प्रेत प्रार्थनामंदिरात उघड्या डोळ्यांनी पडलेले असते. सकाळी सर्गेई सर्गेइच येतो, क्रूसावरील ख्रिस्तापुढे भक्तिभावाने प्रार्थना करतो व आपल्या जुन्या अधिकाऱ्याचे डोळे मिटतो. या प्रसंगात उपरोध आहे असे मानतात, व तो आहेच. मला मात्र त्यात उपरोधाहून अधिक काही दिसते. चेखॉव्ह यांनी त्याला दांभिक म्हटलेले नाही. त्याची भक्ती कदाचित खरी असेल. भक्ती खरी असूनही माणूस शेजारच्या खोलीतील आक्रोशाला बहिरा असू शकतो, हे सत्य दांभिकतेपेक्षा अधिक अस्वस्थ करणारे आहे. लूकाच्या दहाव्या अध्यायातील याजक व लेवी हे दोघे दांभिक होते असे शास्त्रात कोठेही म्हटलेले नाही. ते केवळ दुसऱ्या बाजूने निघून गेले.

डॉक्टर रुग्ण होतो

ग्रोमोवशी बोलण्याची रागिनला गोडी लागते. तो रोज वॉर्डात जाऊन त्याच्या बिछान्यावर बसू लागतो. वीस वर्षांत त्याने केलेले हे पहिले पाळकीय कृत्य होय, आणि गाव त्याला वेड ठरविते! डॉक्टर वेड्यांशी तासन्तास बोलतो, तेव्हा तो स्वतःच वेडा झाला असला पाहिजे. त्याच्या जागेवर टपलेला तरुण डॉक्टर खोबोतोव दाराआडून ऐकतो, समिती नेमली जाते, रागिनला राजीनामा द्यावा लागतो. निवृत्तिवेतनाविना, कर्जात, एका लहान घरात तो दिवस काढतो. शनिवारी व रविवारी तो चर्चमध्ये जातो. भिंतीला टेकून गायन ऐकतो व उपासना इतक्यात संपली म्हणून हळहळतो. शेवटी खोबोतोव एका रुग्णाविषयी सल्ला घ्यावयाचा म्हणून त्याला वॉर्डात नेतो, आणि थोड्या वेळाने निकिता रुग्णाचा झगा घेऊन येतो.

रागिन प्रथम आपल्या तत्त्वज्ञानाचाच आधार घेतो. कोट काय नि झगा काय, सारखेच. पण अंधार पडतो, खिडकीतून तुरुंगाची पांढरी भिंत दिसते, आणि त्याला भीती वाटू लागते. तो थोडे बाहेर फिरून येतो म्हणतो. निकिता त्याला ढकलतो व तोंडावर ठोसा मारतो, नंतर पाठीवर दोन तडाखे देतो. ग्रोमोवची किंकाळीही ऐकू येते. अंधारात पडल्यापडल्या रागिनला प्रथमच कळते की ही माणसे वीस वर्षांहून अधिक काळ, दिवसामागून दिवस, हीच वेदना सोसत असली पाहिजेत. आणि आपल्याला ते माहीत नव्हते, माहीत करून घ्यावयाचेही नव्हते. त्याची सदसद्विवेकबुद्धी त्या क्षणी निकिताइतकीच दांडगी व निष्ठुर होते. दुसऱ्या दिवशी पक्षाघाताच्या झटक्याने तो मरतो. अंत्यविधीला पोस्टमास्तर मित्र व स्वयंपाकीण दार्युश्का ही दोघेच असतात.

‘माहीत नव्हते’ आणि ‘माहीत करून घ्यावयाचे नव्हते’ या दोहोंतील अंतर हे पापविषयक सिद्धांताचे एक प्रकरणच आहे. अज्ञान क्षम्य असते. निवडलेले अज्ञान क्षम्य नसते. मत्तयाच्या पंचविसाव्या अध्यायात डावीकडचे लोकही हेच म्हणतात की प्रभो, आम्ही तुला केव्हा पाहिले? त्यांनी पाहिले नाही हे खरे आहे, आणि तोच त्यांच्यावरील आरोप आहे.

कथेच्या मर्यादा

या कथेचे इतर अर्थही लावले गेले आहेत. निकोलाय लेस्कोव्ह या समकालीन लेखकाला या वॉर्डात सगळा रशियाच दिसला. तरुण लेनिनने ही कथा वाचली तेव्हा आपणही त्या वॉर्डात कोंडलो गेल्यासारखे त्याला वाटले, अशी आठवण त्याच्या बहिणीने नोंदविली आहे. टॉलस्टॉय यांच्या अप्रतिकाराच्या शिकवणुकीवरील ही टीका आहे, असेही पुष्कळांचे मत आहे. हे अर्थ मला अग्राह्य वाटत नाहीत; परंतु वॉर्डाला सर्व देशाचे प्रतीक केले की वॉर्डातील पाच माणसे पुन्हा दिसेनाशी होतात. रागिनने नेमके तेच केले होते. त्यानेही व्यक्तींच्या जागी काळ, समाज व मानवजात यांची चर्चा सुरू केली होती.

कथेत उणिवाही आहेत. वाचा मिळते ती ग्रोमोवला, कारण तो सुशिक्षित आहे. मार खाऊनही काहीच प्रतिक्रिया न देणारा तो स्थूल शेतकरी मात्र जवळजवळ जनावरासारखा रंगविला आहे. त्याच्याही आत कोणी असेल या शक्यतेकडे लेखक वळत नाहीत. मोइसेइकाचे चित्रण त्या काळच्या ठराविक साच्यातून पुरते सुटलेले नाही. रागिननेही गप्पांसाठी निवडला तो बुद्धिमान रुग्णच. तो रोज येत होता त्या दिवसांतही मारहाण चालूच होती व जेवण तसेच होते. म्हणजे त्याचे ऐकणेही अखेर स्वतःच्या आनंदासाठी होते. ज्याला बोलता येत नाही त्याच्याजवळ बसणे ही याहून कठीण सेवा आहे.

आणखी एक आक्षेप अधिक गंभीर आहे. निकिताचा ठोसा खाल्ल्याखेरीज रागिनला कळत नाही. मग दुसऱ्याचे दुःख तेच दुःख भोगल्यावाचून कळूच शकत नाही, असे कथा सांगते काय? तसे असेल तर आपल्या सेवेला अर्थ उरत नाही. परंतु याचे उत्तर खुद्द लेखकाच्या आयुष्यात आहे. चेखॉव्ह यांनी १८८४ साली मॉस्को विद्यापीठातून वैद्यकीची पदवी घेतली होती. १८९० साली, क्षयाची लक्षणे दिसत असताना, ते सायबेरिया ओलांडून साखालिन बेटावरील कैद्यांच्या वसाहतीत गेले आणि घरोघर हिंडून सुमारे दहा हजार माणसांच्या नोंदी त्यांनी कार्डांवर केल्या. ज्या वर्षी ही कथा छापली गेली त्याच वर्षी कॉलऱ्याच्या भीतीने त्यांनी सुमारे पंचवीस गावांचे वैद्यकीय काम विनावेतन पत्करले. बालपणी तागानरोगच्या चर्चमध्ये वडिलांच्या धाकाने गाणाऱ्या या माणसाची पुढे श्रद्धा उरली नव्हती, हे त्यांनी स्वतः पत्रांतून सांगितले आहे. तरी माहीत करून घेण्यासाठी ते स्वतः उठून गेले. त्यासाठी त्यांना कैदी व्हावे लागले नाही. बंदिवानांची आठवण आपणही त्यांच्याबरोबर बंदिवान असल्याप्रमाणे ठेवा, असे इब्री लोकांस पत्राचा तेरावा अध्याय सांगतो; ती आज्ञा ज्या श्रद्धेने दिली, तिच्या बाहेर उभ्या असलेल्या एका डॉक्टरने ती पाळली.

आपल्या सेवाक्षेत्रात

ही रशियातील शतकापूर्वीची गोष्ट आहे असे म्हणून आपल्याला सुटता येणार नाही. १९९७ साली सर्वोच्च न्यायालयाने ग्वाल्हेर, आग्रा व रांची येथील मनोरुग्णालयांवर देखरेख ठेवण्याचे काम राष्ट्रीय मानवी हक्क आयोगाकडे सोपविले. यांतील पहिले नगर आपल्या मराठी वाचकांच्या वस्तीचे आहे. ६ ऑगस्ट २००१ रोजी तामिळनाडूतील एरवाडी येथे, धर्मस्थळाच्या आसऱ्याने चाललेल्या एका खाजगी निवासात आग लागली, आणि साखळ्यांनी बांधलेले असल्यामुळे पंचवीसहून अधिक मनोरुग्णांना पळता आले नाही. हे दुसऱ्या कोणाच्या धर्मस्थळाविषयी आहे असे समजून वाचू नये. आरोग्यदानाच्या प्रार्थनेसाठी आपल्याकडेही कुटुंबे रुग्णांना घेऊन येतात. भूतबाधा समजून त्यांना बांधले जाते तेव्हा आपण काय बोलतो, हा प्रश्न आपलाच आहे. २०१७ चा मानसिक आरोग्यसेवा अधिनियम २०१८ पासून अमलात आहे. त्याने रुग्णाला साखळीने बांधण्यास सर्वथा मनाई केली, सेवेतील उणिवांविषयी तक्रार करण्याचा व भेटीस आलेल्यांना भेटण्याचा हक्कही रुग्णाला दिला. हा कायदा आपल्या धर्मशिक्षकांना ठाऊक असणे ही प्रार्थनेइतकीच सेवेची सामग्री होय.

मार्काच्या पाचव्या अध्यायातील तो मनुष्यही बेड्यांनी व साखळदंडांनी बांधला जात असे, आणि ते बंधन गावाच्या सुव्यवस्थेसाठी होते. येशू त्याच्याशी दुःखाच्या अर्थाविषयी बोलला नाही. त्याने त्याचे नाव विचारले. शेवटी तो वस्त्र नेसलेला व शुद्धीवर आलेला असा बसलेला लोकांना दिसतो. ते वस्त्र कोणीतरी आणून दिले असले पाहिजे. ईयोबाचे मित्रही सात दिवस मुकाट्याने जमिनीवर बसले तोवर बरोबर होते. बोलू लागले तेव्हा चुकले.

आपण यापुढे मनोरुग्णाला भेटावयास जाऊ तेव्हा आपली वचने बरोबर न्यावीत. ती खरी आहेत. परंतु ती उच्चारण्यापूर्वी त्याचे नाव विचारावे, त्याच्या पायांकडे पाहावे, आणि त्याने काही मागितले असेल तर ते दुसऱ्यावर न सोपविता, मिळेपर्यंत पुन्हा पुन्हा जावे.